पोटमाळ्याचा जिना

एक

किल्लीमावशींनी दार उघडलं, पडदे सारले, मधल्या माळ्यावर चढल्या आणि आणखी वर जायला पाय उचलला, तो हवेतच राहिला. समोर जिना नव्हता.

जिना म्हणजे काही चष्मा नव्हे, कुठेतरी काढून ठेवला आणि विसरलो म्हणायला. मावशींनी डोळे चोळले, पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. वर पोटमाळा होता, त्यावरच्या पलंगाची चादर दिसत होती, उशीशेजारचा दिवाही दिसत होता. तिथवर जायची वाट तेवढी गायब.

हे घर आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कोडं जड जाणार नाही. इमारत पूर्वी छापखान्याची होती. कागदाची रिळं रचायची म्हणून छत भलतंच उंच. नंतर तिथे घरं झाली आणि या घरात एकावर एक तीन पातळ्या आल्या. खाली बैठक आणि स्वयंपाकाचा ओटा. तिथून पक्क्या पायऱ्यांनी मधल्या माळ्यावर जायचं. तिथे लिहायचं टेबल आणि एक लांब मोकळी भिंत. आणि तिथून एक उभट लाकडी जिना थेट छताखालच्या पोटमाळ्यावर. शिडीपेक्षा रुंद, नेहमीच्या जिन्यापेक्षा अरुंद, पायऱ्यांच्या मधून आरपार दिसणारा. वरच्या तुळईत दोन लोखंडी आकड्यांनी तो अडकवलेला असायचा. घराच्या मालकाने, तो हयात असताना, तो स्वतःच्या हाताने केला होता. घर पाहायला येणारा प्रत्येक जण त्या जिन्यासमोर उभा राहून फोटो काढायचा.

सगळा भागच तसा होता. जुन्या गाळ्यांत कॉफीची दुकानं निघाली होती आणि रंग उडालेल्या खुर्च्या नव्या खुर्च्यांपेक्षा महाग विकल्या जात होत्या. इथली घरं विकण्यात मावशींचे केस पिकले. ज्याचं घर विकायला निघेल तो किल्ली आणून मावशींच्या जुडग्यात घालायचा आणि निर्धास्त व्हायचा. त्यांचा एक साधा नियम होता, तो त्या प्रत्येक मालकाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या: "जखडलेलं ते घराचं, उचलता येतं ते माणसाचं. पंखा घरासोबत जाईल, खुर्ची तुम्ही न्या. मागाहून भांडण नको."

"मावशी, वर काय करताय? फुलं कुठे ठेवू?" मागून सजावटवाली आली. विकायची घरं चार दिवसांपुरती नटवून देणं हा तिचा धंदा. हातात फुलांचं भांडं, खांद्याला पिशवी. तिने वर पाहिलं आणि जागीच थबकली. "अगं बाई! जिना कुठाय?"

"तेच बघतेय."

"दुपारी ते जोडपं सौदा पक्का करायला येतंय. आणि..." ती अडखळली. "कुलूप तर नीट होतं. किल्ली तुमच्याच कमरेला होती ना, मावशी?"

दोन

त्या प्रश्नात वाईट हेतू नव्हता, पण मावशींना तो चाबकासारखा लागला. तोच प्रश्न आता सगळे विचारणार होते. कुलूपबंद घरातून एवढी मोठी वस्तू जाते आणि किल्ली एकाच बाईकडे असते, तर लोक काय म्हणणार? कोपऱ्यावरच्या चकचकीत पाट्यांच्या दलालाला तर आयतं कोलीत मिळणार होतं. त्याला सगळे पाटीवाला म्हणत. मावशींचं गिऱ्हाईक पाहून त्याच्या पोटात दुखायचं, आणि त्याच्या पाट्या पाहून मावशींच्या. उगाच खोटं कशाला बोला?

"बस इथे," मावशी म्हणाल्या. "तू काल कधी आली होतीस?"

"दुपारी. तुमच्याकडूनच किल्ली नेली, तुम्हालाच परत दिली. याच जिन्याने वर जाऊन चादर घातली मी." बोलता बोलता तिने फुलांचं भांडं भिंतीलगतच्या लांबलचक शेल्फवर ठेवलं, एक देठ सरळ केलं, मागे होऊन पाहिलं. सवयच तशी.

"तेव्हा जिना होता."

"होता की! माझ्या छातीवर नाचत होता." ती एकदम फणकारली. "खरं सांगू मावशी? मला त्याचा रागच यायचा. मी दिवे आणायचे, गालिचे आणायचे, खालची पुस्तकं बघा, लाल, मग केशरी, मग पिवळी, अशी रंगाने लावलीत. चार पुस्तकं रंगात बसेनात, तर त्यांची तोंडं भिंतीकडे केली. आणि येणारा म्हणतो काय? 'वा, काय जिना!' मेल्या माणसाशी कशी स्पर्धा करायची सांगा."

"म्हणून जिनाच उडवलास?"

"मावशी! मला तो हलला तरी असता का?"

मावशींना हसू आलं. मग त्यांची नजर शेल्फकडे गेली. मांडीएवढं उंच, भिंतभर लांब. गेल्या खेपेला इथे मालकिणीच्या पुस्तकांचे बांधलेले खोके होते. आता पुस्तकं मांडून ठेवली होती. शेल्फचे खण मात्र गमतीदार होते. मधल्या फळ्या सरळ आत न जाता तिरक्या गेलेल्या, त्यामुळे पुस्तकं रस्त्याकडेला तिरप्या लावलेल्या गाड्यांसारखी उभी होती.

"हे छान केलंस हो," मावशी म्हणाल्या. "अगदी वेगळं."

सजावटवालीने आणखी एक देठ सरळ केलं. मग फुलांकडे बघत म्हणाली, "हं. म्हटलं, जरा वेगळं काहीतरी."

एवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, "चोरी झाली म्हणतात ती कुठे?"

तीन

आवाज मालकिणीच्या नणंदेचा होता. सौद्यासाठी आलेल्या दोघींना खालीच शेजाऱ्यांकडून बातमी कळली होती. तिच्यामागून मालकीण हळूहळू वर आली. मालकीण कॉलेजात ग्रंथपाल. नवरा गेल्यावर एवढं घर खायला उठतं म्हणून तिने ते विकायला काढलं आणि जवळच एका लहानशा, एकाच पातळीच्या घरात राहायला गेली. नणंद नवऱ्याची थोरली बहीण. दोघींचं फार भांडण नव्हतं. भांडायला जवळ यावं लागतं, तेवढ्याही त्या कधी आल्या नव्हत्या.

"माझ्या भावाच्या हातचं एक लाकूड राहिलं होतं, तेही गेलं!" नणंद म्हणाली. "किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आणि बाईंकडे."

"ती कशाला स्वतःच्या घरात चोरी करेल?"

"वन्सं, जाऊ द्या ना," मालकीण म्हणाली. तिने जिन्याच्या रिकाम्या जागेकडे एकदाच पाहिलं. "गेला तो गेला. मावशी, घेणाऱ्यांना सांगून टाका, जिना चोरीला गेला म्हणून. मला तक्रारबिक्रार काही करायची नाही."

"तुला नसेल, मला आहे!" नणंद उसळली. "तुला घर मिळालं, घरभर त्याच्या वस्तू मिळाल्या. मला काय? काल त्याच्या हत्यारांची पिशवी मागून नेली, तीसुद्धा भीक मागितल्यासारखी. लग्नाआधी प्रत्येक गोष्ट तो मला आधी दाखवायचा, ठाऊक आहे?"

मालकिणीने टेबलाची खुर्ची नीट आत सरकवली.

आता खाली दारात समोरचे काका येऊन उभे होते. त्यांचंही घर विकायला होतं, पाटीवाल्यामार्फत. एकाच पातळीचं, साधं. तिकडे कुणी फिरकत नव्हतं. म्हणून काका दिवसभर दार उघडं टाकून बसायचे आणि समोर कोण येतं, किती वेळ थांबतं, हसत बाहेर पडतं की तोंड पाडून, सगळं टिपायचे. जळणाऱ्या माणसासारखा पहारेकरी नाही.

"काका, काल संध्याकाळी इथून काय काय बाहेर गेलं?" मावशींनी विचारलं.

"जिना नाही गेला. माझ्या नाकासमोरून न्यायचा तर आधी माझं नाक कापावं लागेल." काका आत आले. "ही सजवणारी पोरगी रिकाम्या हाताने गेली. मग या दोघी आल्या. या मोठ्या बाई पिशवी घेऊन आधी गेल्या. या मालकीणबाई उशिरा गेल्या, काखेत पुठ्ठ्याचे चपटे केलेले खोके होते. बस. आणि जिना जाणार कसा? या बाईंच्या नवऱ्याने तो आतच बसून केला. पुरा झाल्यावर मीच म्हटलं होतं, हा आता जन्मभर इथला. बाहेरच्या वळणावर तो वळतच नाही."

"म्हणजे बाहेर गेला नाही."

"गेला नाही, पण घरातही नाही! आता हे तुमच्यासारख्यांनीच सांगावं." काका मिश्कील हसले. "मी आत्ताच पाटीवाल्याला फोन केला. म्हटलं, किल्लीमावशींच्या घरांतून हल्ली जिने उडायला लागलेत. तो येणाऱ्या जोडप्याला रस्त्यातच गाठतो म्हणाला."

चार

सगळे खाली गेले. मावशी मधल्या माळ्यावर एकट्याच उरल्या. गुडघे बोलायला लागले होते, म्हणून त्या भिंतीला टेकून सरळ जमिनीवर बसल्या. उभ्याने जे दिसत नाही ते कधीकधी बसल्यावर दिसतं.

बाहेर गेला नाही, म्हणजे आत आहे. आत आहे आणि दिसत नाही, म्हणजे समोर असूनही आपण त्याला जिना म्हणत नाही. समोर काय आहे? टेबल. खुर्ची. कोपऱ्यात मोठी झाडाची कुंडी. आणि शेल्फ.

शेल्फच्या तिरक्या फळ्या आता अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. प्रत्येक फळीची पुढची कड मधोमध घासून गुळगुळीत झाली होती, किंचित खोलगट. पुस्तकांनी लाकूड असं झिजत नाही. असं झिजतं ते पावलांनी.

"पोरी, वर ये गं जरा!"

सजावटवाली धापा टाकत आली.

"ही पुस्तकं तू रंगाने का नाही लावलीस?"

तिचा चेहरा पडला. "मावशी, रागावू नका. हे शेल्फ माझं नाहीच. सकाळी आले तेव्हा होतंच. मला वाटलं बाईंनी आणवलं. तुम्ही कौतुक केलंत, कधी नव्हे ते कुणीतरी माझ्या कामाचं केलं, म्हणून मी गप्प बसले."

"आणि मला वाटलं तू आणवलंस. बाईंनी म्हणावं सजावटवालीने आणलं. प्रत्येकीने दुसरीवर ढकललं, मग विचारणार कोण? काखेत कळसा नि गावाला वळसा!" मावशींनी पिशवीतून कागद काढला, त्यावर पेन्सिलीने उभट शिडी काढली. "हे बघ. जिना उभा असताना पायऱ्या जमिनीला समांतर, आणि बाजूचे दोन दांडे कललेले. आता हा कुशीवर झोपव. एक दांडा झाला तळाची फळी, दुसरा झाला वरची फळी. आणि पायऱ्या?"

मुलीने कागद फिरवला. "उभ्या राहिल्या. पण सरळ नाही, तिरक्या आत गेल्या." तिने शेल्फकडे पाहिलं. "आई गं!"

"ती कुंडी सरकव."

कुंडी सरकली. शेल्फच्या टोकाला दोन लोखंडी आकडे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"पण खाली उतरवला कुणी? कसा?"

"कसा ते वर बघ. तुळईला छापखान्याच्या काळची कप्पी आहे. पलंगही कप्पीनेच वर चढवला होता. दोर लावला की एकट्या माणसाला पुरे, पण ते ठाऊक हवं. तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"आता पुस्तकं बघ. आधी शब्दकोश. मग इतिहास. मग प्रवासवर्णनं, आणि प्रत्येक खणात लेखकांच्या नावांप्रमाणे ओळीत. तू असतीस तर लाल-पिवळं केलं असतंस. नणंद असती तर तिने कशीही कोंबली असती. चोरून काम करतानाही ज्या हाताला पुस्तकं चुकीच्या जागी ठेवणं जमलं नाही, तो हात कुणाचा?"

मुलीने तोंडावर हात ठेवला.

"आणि आणखी एक. चोर असता तर त्याने जिना नेला असता, वैरी असता तर मोडला असता. याने त्याचं सामान केलं. म्हणजे त्याला तो सामान म्हणून घेऊन जायचा होता." मावशी भिंतीचा आधार घेत उठल्या. "खाली जा. बाईंना वर पाठव. एकटीलाच."

पाच

मालकीण वर आली. सरकवलेली कुंडी पाहिली आणि खुर्चीवर बसली. मावशींनी विचारायच्या आधी तीच बोलायला लागली.

"तुम्हीच म्हणाला होतात. जखडलेलं ते घराचं, उचलता येतं ते माणसाचं."

"म्हणून तू जखडलेलं उचलून ठेवलंस." मावशी नकळत 'तू'वर आल्या होत्या. "पण विकायला काढलंस तेव्हा सांगायचं होतंस, जिना देणार नाही म्हणून. मी तसंच ठरवलं असतं."

"तेव्हा द्यायचाच होता. खरंच." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग ते जोडपं पहिल्यांदा आलं. ती मुलगी वर चढता चढता मध्येच बसली. सँडल काढले, डोकं दांड्याला टेकलं आणि त्याला म्हणाली, 'मी तर रोज इथेच बसणार.' मावशी, ती माझी पायरी आहे. हे खाली काम करायचे आणि मी बरोबर तिथे बसून पुस्तक वाचून दाखवायची. तिचा नवरा खाली उभा राहून तिच्याकडे बघत होता. मला घराचा हेवा नाही वाटला हो. घर घेऊ दे. मला तिचा वाटला. तिच्याकडे खाली उभं राहणारं माणूस आहे. वर ती पायरीही तिलाच?"

मावशींचा राग अर्धा उतरला. अर्धा उरला, तो त्यांनी उतरू दिला नाही.

"ऐक. लोकांच्या सुंदर घरांची दारं मी आयुष्यभर उघडत आले. माझ्या दोन खोल्यांत परत जाताना मलाही जळायला होतं. पण त्या दारांच्या किल्ल्या लोक माझ्याकडे देतात, कारण माझ्या हातून काही हरवत नाही. तेवढंच माझं आहे. आज सकाळपासून सगळे माझ्या कमरेकडे बघतायत. तू खाली उभी राहून ऐकलंस, आणि 'जाऊ द्या' म्हणालीस."

मालकिणीचा चेहरा पांढरा पडला. "तुमच्या किल्लीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशप्पथ नाही आलं. मला फक्त ती पायरी दिसत होती."

"पोटात आग पडली की असंच होतं. शेजारचं जळतंय ते दिसत नाही." मावशींनी पायऱ्यांकडे बोट केलं. खाली बेल वाजली होती. "ते आले. काय करायचं ते तू ठरव. मी खोटं बोलणार नाही, पण तुझ्या वतीने खरंही बोलणार नाही."

सहा

जोडपं दारात होतं, आणि दोघांचे चेहरे सावध होते. पाटीवाल्याने रस्त्यात गाठलं होतं हे सांगायची गरज नव्हती.

"खाली एक जण भेटले," नवरा चाचरत म्हणाला. "म्हणाले, या घरातून चोरी झाली, आणि किल्ली..."

"चोरी झालेली नाही," मालकीण पायऱ्या उतरत म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "जिना मी लपवला. वर शेल्फ म्हणून आडवा ठेवलाय. मावशींचा यात काही संबंध नाही. त्यांनीच तो शोधून काढला. मी त्यांच्यावर बोट येऊ दिलं, ही माझी चूक. वन्सं, तुम्हीही ऐका. काका, तुम्हीसुद्धा."

"पण लपवलास कशाला?" नणंद ओरडली.

मालकिणीने त्या मुलीकडे पाहिलं. "तुम्ही त्या पायरीवर बसलात म्हणून. रोज बसणार म्हणालात म्हणून."

मुलगी गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. मग कानापर्यंत लाल झाली. "अहो, माझे सँडल नवे होते. इतके चावत होते की वर जाणं मुश्कील झालं होतं. कुणाला कळू नये म्हणून काहीतरी बोलले मी."

"आणि जिना आम्ही तसाही काढणारच होतो," नवरा भोळेपणाने म्हणाला. "लोखंडी गोल जिना बसवायचाय. हिला या पायऱ्यांच्या मधून खाली दिसलं की चक्कर येते."

मालकिणीने जवळच्या खुर्चीचा आधार घेतला. आधी वाटलं ती रडतेय; मग कळलं की ती हसतेय, आणि थोडं रडतेयही. जिच्यावर आपण इतके दिवस जळलो, तिला ती गोष्ट फुकटसुद्धा नको होती.

"मग तो मी नेते," ती डोळे पुसत म्हणाली. "सौद्यात लिहून घ्या, मावशी."

"लिहिते. पण दारातून काढणार कसा? काका काय म्हणाले ते ऐकलंस ना? तो बाहेर जातच नाही."

हे तिला सुचलंच नव्हतं. ती पुन्हा एकदा पांढरी पडली.

"कापा," नणंद म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "दोन तुकडे करा. अर्धा तिचा, अर्धा माझा. माझ्याकडे त्याची करवत आहे, काल नेलेली. तेवढी तरी कामाला येऊ दे."

मालकीण नणंदेकडे वळली. "खालचा अर्धा मला," ती म्हणाली.

"का म्हणून? खालच्या पायऱ्यांवर त्याचा पाय जास्त पडला!"

"माझी पायरी खालच्या अर्ध्यात येते, वन्सं."

"आणि माझा भाऊ कुठल्या अर्ध्यात येतो?"

"अरे देवा," मावशींनी कपाळाला हात लावला. "दोघी लहान मुलींसारख्या करताय, तर लहान मुलींसारखंच वाटून घ्या. एकीने कापायचं, दुसरीने आधी निवडायचं. मग कुरकुर नाही."

जोडप्याने कागद वाचून सह्या केल्या. काका खाली मान घालून जायला निघाले, तेव्हा मावशींनी हाक मारली, "काका, पाटीवाल्याला पुन्हा फोन लावा. आधीचा फोन केलात तेवढ्याच मोठ्या आवाजात."

काकांनी लावला. शब्द गिळत गिळत सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर खिशात हात घातला आणि आपल्या घराची किल्ली काढून मावशींसमोर धरली. "घर त्याच्याकडून काढून घेतो. तुम्हीच बघा आता. जिना नाहीये माझ्याकडे, पण उजेड चांगला येतो."

मावशींनी किल्ली जुडग्यात घातली.

संध्याकाळच्या आत करवत आली. मालकिणीने पुस्तकं उतरवली, पट्टी लावली, पेन्सिलीने रेघ मारली. पुसली. पुन्हा मोजलं. इकडचा अर्धा किंचितही मोठा झाला तर नणंद तोच उचलणार, आणि तिकडचा झाला तर तिकडचा. म्हणून ती रेघ केसभरही हलू देत नव्हती.

"काप बाई आता," नणंद दांडा धरून बसली होती. "पाठ गेली माझी."

"घट्ट धरा. हलतंय."

"धरलंय. त्यालाही असंच धरायला लागायची मी, लहानपणी."

मालकिणीचा हात थांबला. "मला नव्हतं सांगितलं त्यांनी."

"कधी विचारलंस?"

करवत चालू झाली. भुसा दोघींच्या हातांवर पडत राहिला. शेवटी जिना मधोमध सुटला आणि दोन सारखे तुकडे जमिनीवर आडवे झाले. नणंदेने दोन्हींवरून हात फिरवला, खूप वेळ विचार केला, वरचा अर्धा आपल्याकडे ओढला. आणि लगेच वळून दुसरा निरखायला लागली.